बिबट्या झोपतो म्हणजे काय होतं?

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. पहाटेचे साडेपाच वाजले असतील. मी चहाचं आधण ठेवलं आणि तेवढ्यात पलीकडच्या वस्तीवरून आरडाओरडा ऐकू आला. आमच्या जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात असा ओरडा ऐकला की काय झालं असेल ते विचारावं लागत नाही. "वाघ!" एवढा एकच शब्द पुरतो. (आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांची त्यामुळे उगाच घाबरगुंडी उडते, म्हणून आधीच सांगितलं.)

झालं होतं असं. वस्तीवरच्या मावशी कडब्याच्या खोलीत डालग्याखालच्या कोंबड्या सोडायला गेल्या. बॅटरी मारली तर कडब्याच्या पेंढ्यांवर दोन डोळे चमकले. मावशींनी ना किंकाळी फोडली ना धूम ठोकली. आल्या पावली मागे सरकल्या, दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली. "कडी घातली अन् मग हातपायच गळाले बघा बाई," असं त्या नंतर मला म्हणाल्या. मैत्रिणींनो, त्यांच्या जागी मी असते तर माझे हातपाय कडी घालायच्या आधीच गळाले असते.

आठ वाजेपर्यंत अंगणात दोनशे माणूस गोळा झालं. पोरं भिंतीवर चढली, पत्र्यावर चढली. ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल. कुणी खिडकीच्या गजांतून काठी खुपसतंय, कुणी पत्र्यावर दगड टाकतंय, आतून गुरगुरल्याचा आवाज आला की सगळे हसतायत. वनखात्याची गाडी आली, त्यात पशुवैद्य होते. त्यांना बघितल्याबरोबर सगळ्यांनी एकच घोषा लावला, "डार्ट मारा! गुंगीचं इंजेक्शन द्या, झोपवा आणि घेऊन जा!"

खरं सांगते, मलाही तेच वाटत होतं. सिनेमात आपण काय बघतो? बंदुकीचा 'फट्' आवाज होतो, जनावर दोन पावलं टाकतं आणि आडवं होतं. इथे मात्र डॉक्टरांनी बंदूक बाहेरच काढली नाही. त्यांनी आधी माणसं मागे हटवली, पत्र्यावरच्या पोरांना खाली उतरवलं, खिडकीवर पोतं टाकून अंधार केला. आणि मग काय? काहीच नाही! तासभर नुसते थांबले. लोक चिडले. "सायेब, मुहूर्त बघताय का?" असंही कुणी ओरडलं. माझीही चुळबुळ चालली होती, कारण अकराची शाळा आणि घरी भाकऱ्या व्हायच्या होत्या.

दहाच्या सुमाराला डॉक्टरांनी एक लांब नळी काढली, फुंकनळी. पोत्याच्या फटीतून नेम धरला आणि एक फुंकर मारली. मागच्या मांडीत सुई बसली. पुन्हा पंधरा मिनिटं शांतता. मग आत जाऊन चौघांनी त्या बिबट्याला ताडपत्रीवर घेऊन बाहेर आणलं. मादी होती, जेमतेम तीस-पस्तीस किलोची. माझ्या धाकट्यापेक्षा थोडी जड एवढंच. आणि तिचे डोळे सताड उघडे होते!

दुसऱ्या दिवशी आठवीच्या वर्गात हाच प्रश्न आला. "बाई, ती झोपली होती तर डोळे उघडे कसे?" मी बी.ए. झाले ती इतिहास घेऊन. शाळेतही इतिहास आणि मराठीचे तास घेते, तेही अर्धवेळ. "विज्ञानाच्या सरांना विचारा" असं म्हणून वेळ मारून नेता आली असती. पण प्रश्न माझ्याही मनात होताच. म्हणून मी त्या डॉक्टरांनाच गाठलं. त्यांनी कंटाळा न करता सगळं समजावून सांगितलं. पुढे मी वाचलंही थोडंफार. त्यातलं जे मला कळलं आणि तुम्हालाही कळावंसं वाटलं, ते इथे लिहिते आहे. तुमच्याही शेताच्या बांधावर कधी ही वेळ येऊ शकते.

पहिली गोष्ट म्हणजे ती झोपली नव्हतीच.

बिबट्याला देतात त्या मिश्रणात दोन औषधं असतात, केटामाइन आणि झायलाझिन. दोघांची कामं अगदी वेगळी. केटामाइन म्हटल्याबरोबर मी दचकले, कारण हे नाव मी आधी ऐकलं होतं. दोन वर्षांपूर्वी माझा मुलगा चिंचेवरून पडला. हाड बसवण्यापुरती त्याला भूल द्यायची होती. डॉक्टरांनी मला आधीच बजावलं होतं, "डोळे उघडे राहतील, घाबरू नका." तरी मी घाबरलेच. त्याचे डोळे माझ्याकडे होते पण नजर माझ्या आरपार जात होती. मी हाक मारली तर पापणी लवली नाही. शुद्धीवर आल्यावर म्हणाला, "आई, मी वर छताला चिकटलो होतो, खाली तुम्ही सगळे मुंग्यांएवढे दिसत होता." पशुवैद्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "ताई, हेच ते औषध."

या औषधाची जन्मकथा गमतीची आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेत भुलीचं एक नवं औषध निघालं होतं, फेनसायक्लिडीन. शस्त्रक्रियेपुरतं ते उत्तम चाले, पण शुद्धीवर येताना रोगी भ्रमिष्टासारखे वागत, आरडाओरड करत. म्हणून माणसांसाठी ते बंद झालं आणि काही काळ जनावरांसाठी वापरात राहिलं. १९६२ साली कॅल्विन स्टीव्हन्स या रसायनतज्ज्ञाने त्याचाच सौम्य भाऊबंद तयार केला, तो हा केटामाइन. १९६४मध्ये तो प्रथम माणसांना टोचून पाहिला गेला. औषध घेतलेली माणसं जागीही नाहीत, झोपलेलीही नाहीत, जणू जगापासून तुटलेली! या अवस्थेला म्हणावं तरी काय, असा पेच एडवर्ड डोमिनो या डॉक्टरांना पडला. त्यांनी घरी पत्नीला वर्णन करून सांगितलं आणि टोनीबाईंनी चटकन शब्द सुचवला, 'डिसोसिएटिव्ह', म्हणजे जोड सुटलेली अवस्था. तोच शब्द आज जगभरच्या वैद्यकाच्या पुस्तकांत आहे. स्वयंपाकघरातून पुस्तकात गेलेला शब्द म्हणायचा!

आता ही जोड सुटते म्हणजे नेमकं काय होतं? आपल्या मेंदूत काय किंवा बिबट्याच्या मेंदूत काय, एक पेशी दुसरीला निरोप देते तो रसायनांच्या हातून. त्यातला सर्वांत मोठा निरोप्या म्हणजे ग्लुटामेट. (चायनीज पदार्थांत घालतात तो अजिनोमोटो म्हणजे याच ग्लुटामेटचा क्षार. पण तो खाऊन मेंदू तल्लख होत नाही हो! पोटातला ग्लुटामेट मेंदूत सहजासहजी शिरत नाही.) हा निरोप्या दुसऱ्या पेशीच्या दाराशी जातो, दार उघडतो आणि निरोप आत जातो. केटामाइन काय करतं, तर त्या उघडलेल्या दारातच उंबऱ्यावर पोत्यासारखं आडवं पडतं. दार उघडं, निरोप्या हजर, पण आत काही जाईना. कान आवाज घेतात, डोळे उजेड घेतात, पण त्या सगळ्याची मोट बांधून "हा माणूस, हा धोका, पळ" असं सांगणारं कुणी उरत नाही. वेदनेचंही तसंच. श्वास मात्र चालू राहतो, गिळणंही बरंचसं चालू राहतं. म्हणून हे औषध मोकळ्या रानातही त्यातल्या त्यात सुरक्षित. बिबट्या मधूनच जीभ बाहेर काढून नाक चाटतो आणि बघणाऱ्यांच्या काळजाचा ठोका चुकतो. तो आपल्याला बघून जिभल्या चाटत नसतो, एवढं लक्षात ठेवा.

पण नुसतं केटामाइन दिलं तर मांजरकुळातली जनावरं ताठरतात, कधी झटकेही येतात. तिथे दुसरं औषध, झायलाझिन, उपयोगी पडतं. हेही १९६२चंच, जर्मनीतल्या बायर कंपनीचं. माणसाचा रक्तदाब उतरवण्यासाठी ते काढलं होतं. पण माणसं फारच सुस्तावू लागली म्हणून ते जनावरांच्या दवाखान्यात आलं. गाय-बैलांना ते इतकं चढतं की घोड्याला लागतं त्याच्या दहाव्या हिश्शात त्यांचं काम होतं. तुमच्या दुभत्या गाईची एखादी शस्त्रक्रिया झाली असेल, तर ते तुमच्या गोठ्यातही येऊन गेलं असण्याचा संभव आहे.

झायलाझिनचं काम समजायला गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीकडे बघा. टाकी भरली की आतला बॉल वर येतो आणि नळ बंद होतो. मेंदूत सावधपणाचं, धडपडीचं एक रसायन असतं, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन. ते पुरेसं झालं की मेंदूतलाही असाच एक बॉल वर जातो आणि "पुरे, आता सोडू नका" असं सांगतो. झायलाझिन तो बॉल बोटाने वर दाबून धरतं. टाकी भरलेली नसली तरी नळ बंद! मग स्नायू सैल पडतात, नाडी मंदावते, जनावराला खरीखुरी सुस्ती येते. केटामाइनने जगाशी जोड तोडायची आणि झायलाझिनने अंग सैल करायचं, अशी ही जोडी.

आणि इथेच डॉक्टर तासभर का थांबले त्याचं उत्तर आहे. टाकी आधीच भरून वाहत असली तर नळ बंद करून काय उपयोग? अंगणभर पाणी झालेलंच असतं. कोंडलेल्या, दगड खाल्लेल्या, दोनशे माणसांचा कालवा ऐकणाऱ्या बिबट्याच्या अंगात ही धडपडीची रसायनं आधीच ओतप्रोत भरलेली असतात. त्यावर सुई मारली तर औषध चढत नाही, किंवा अर्धवट चढतं. मग दुसरी सुई, तिसरी सुई, आणि एकूण औषध धोक्याच्या पातळीकडे. शिवाय सुई लागल्यापासून औषध चढेपर्यंत पाच-दहा, कधी पंधरा मिनिटं जातात. उघड्या शेतात एवढ्या वेळात सुई टोचल्याने बिथरलेला बिबट्या किती माणसांना फाडील, सांगा बरं! तासभराचा अंधार आणि शांतता हासुद्धा त्या औषधाचाच एक डोस होता म्हणायचा. आम्ही मात्र तिकडे मुहूर्त बघताय का विचारत होतो.

बंदूक का वापरली नाही, तेही विचारलं. औषध उडवून मारायची बंदूक १९५०च्या दशकात न्यूझीलंडच्या कॉलिन मर्डॉक या औषधविक्रेत्याने काढली. तो जनावरांचाही डॉक्टर होता, आणि एकदा वापरून टाकून द्यायची इंजेक्शनची नळीही त्याचीच कल्पना. लांबून मारायला बंदूक ठीक. पण तीन-चार हातांवरून तिचा दणका बसला तर सुई हाडापर्यंत जायची. जवळून फुंकनळीच बरी. सुई लागायला हवी मांसल भागात, मांडीत किंवा खांद्यात. पोटात किंवा छातीत गेली तर संपलंच.

औषध किती द्यायचं हे वजनावर ठरतं, आणि कडब्यात दबून बसलेल्या बिबट्याचं वजन करणार कोण? नुसत्या नजरेनेच अंदाज. डॉ. अनिरुद्ध बेलसरे आणि विद्या अत्रेय यांनी जानेवारी २००३ ते एप्रिल २००८ या काळात अशा आणीबाणीच्या प्रसंगी बेशुद्ध केलेल्या ५५ रानटी बिबट्यांचा अनुभव २०१०मध्ये एका शास्त्रीय नियतकालिकात मांडला आहे. वजनाचा अंदाजच येत नसेल तेव्हा ते ५० मिलिग्रॅम झायलाझिन आणि १५० मिलिग्रॅम केटामाइन अशी सुरुवात करत. दोन्ही मिळून चिमूटभर मिठापेक्षाही कमी! पुढे गरज पडली तर फक्त केटामाइन वाढवायचं, झायलाझिन नाही. त्या पंचावन्नांपैकी एकावरही पुढे महिनाभर तरी औषधाचा जिवावर बेतणारा परिणाम दिसला नाही. गर्दी, ऊन, तुटपुंजी साधनं, हे सगळं सांभाळून. मला हे वाचून फार कौतुक वाटलं.

सुईनंतरचं काम तर एखाद्या बाळंतिणीच्या खोलीसारखं नाजूक. डोळे मिटत नाहीत, म्हणून ते सुकतात. त्यात मलम घालायचं आणि वरून कापड बांधायचं. कापड आपल्याला भीती वाटू नये म्हणून नसतं, बाहुल्या विस्फारलेल्या असतात आणि उन्हाने डोळे जायची भीती असते. कानाशी बोलायचं नाही, दारं आपटायची नाहीत. झायलाझिनने मांजरकुळाला हमखास उलटी होते. पोटात नुकतीच शेळी गेली असेल तर मान नीट ठेवावी लागते, नाहीतर ओकलेलं श्वासनलिकेत जायचं. ताप सारखा बघायचा, धडपडून अंग तापलं असेल तर पंजांवर, काखेत पाणी मारायचं. आमच्या अंगणात त्या मादीला ताडपत्रीवर ठेवलं, तेव्हा मावशींनी न सांगता घागर आणून ठेवली होती.

उठवण्याचंही एक शास्त्र आहे. झायलाझिनला उतारा आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या एका झाडाच्या सालीत योहिम्बिन नावाचं द्रव्य सापडतं, ते टोचलं की टाकीतल्या बॉलवरचं बोट निघतं. केटामाइनला मात्र उतारा नाही, ते अंगातून आपलं आपण जाईल तेव्हाच. म्हणून घाई करायची नाही. केटामाइनचा जोर असतानाच झायलाझिन उतरवलं, तर एकटं केटामाइन अंगात उरतं आणि जनावर ताठरतं, झटके देतं, वेड्यासारखं धडका मारतं. म्हाताऱ्या, मूत्रपिंड दुबळं झालेल्या जनावराला शुद्धीवर यायला आणखी वेळ लागतो. आमच्याकडच्या मादीला गाडीतल्या पिंजऱ्यात ठेवून, वर कापड टाकून, डॉक्टर घड्याळ लावून बसले होते. आधी तिचा एक कान हलला. मग शेपटीचं टोक. मग तिने मान उचलली, ती धपकन खाली पडली, पुन्हा उचलली. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर त्या दिवसातलं पहिलं हसू मी तेव्हा पाहिलं.

हे सगळं वर्गात सांगितलं तेव्हा एका मुलीने हात वर केला. "बाई, आमची मांजर खोकलीच्या मुळ्या उपटल्या की त्यावर लोळते. लाळ गाळते. तिला पण गुंगी येते का?" खोकली म्हणजे परसात, कुंपणाशी उगवणारं ते हिरवं तण. बायकांनी पाहिलेलं असतं, नाव ठाऊक असतंच असं नाही. मी शोधलं तर मुलीचं निरीक्षण चोख निघालं! मांजराला भुलवणाऱ्या वनस्पती जगात बऱ्याच आहेत. खोकलीच्या मुळांत त्याच प्रकारची द्रव्यं सापडली आहेत. जपानी शास्त्रज्ञांनी २०२१मध्ये तिकडच्या अशाच एका वेलीच्या पानांवर प्रयोग केले. त्या पानांतल्या द्रव्यावर अंग घासणाऱ्या मांजरांच्या रक्तात एंडॉर्फिन वाढलेलं दिसलं. एंडॉर्फिन म्हणजे शरीराने स्वतःच तयार केलेली अफू म्हणा ना! अफूचा परिणाम मारणारं औषध आधी दिलं, तर मांजरं त्या द्रव्याकडे ढुंकून बघेनाशी झाली. प्राणिसंग्रहालयातल्या बिबट्याने आणि जग्वारांनीही त्यावर तसंच अंग घासलं. आणखी गंमत म्हणजे ते द्रव्य अंगाला लागलं की डास कमी बसतात. म्हणजे मांजरीला मजाही येते आणि ओडोमॉसही लागतं. तुमच्या मनीला खोकलीवर लोळताना पाहिलंत तर हाकलू नका. मात्र ती जी गुंगी आणि सुईतली गुंगी यांचा परस्परांशी संबंध नाही, हेही मुलांना सांगा. एकीत आनंद आहे, दुसरीत फक्त तुटणं आहे.

आता मावशींच्या प्रश्नाकडे येते. कारण त्या दिवशीचा खरा प्रश्न त्यांनी विचारला. पिंजरा गाडीत चढला तेव्हा त्या पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टरसायेब, हिला परत इथंच सोडणार का? माझी नात रोज उसाच्या कडंनं शाळेत जाती."

गाडी माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात तपासणीसाठी निघाली होती. जुन्नरजवळचं हे केंद्र वनखातं आणि २००७पासून वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था मिळून चालवत आले आहेत. तिथून पुढे काय, हे ठरवणं त्यांच्या हातात नाही असं डॉक्टर म्हणाले. मावशींचं समाधान झालं नाही. कसं व्हावं?

पण दूर नेऊन सोडलं म्हणजे संपलं, असं आपल्याला जे वाटतं ते आमच्याच जुन्नरने खोटं ठरवलेलं आहे. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे, पिंपळगाव जोगे. कालवे आले, ऊस आला आणि उसात बिबट्या आला. आता तर तो उसातच जन्मतो, उसालाच रान समजतो. २००१पासून इथे मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून सुमारे चाळीस किलोमीटर लांबच्या जंगलांत सोडायला सुरुवात झाली. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे आधीची आणि नंतरची आकडेवारी ताडून पाहिली. १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. बिबटे हलवायला लागल्यावर ती सरासरी १७वर गेली! माणूस दगावलेल्या हल्ल्यांचं प्रमाणही वाढलं. अनोळखी मुलूख, पिंजऱ्यातला ताण, माणसांच्या कालव्यात गेलेले दिवस, हे सगळं त्या जनावराबरोबर जंगलात उतरतं. सुईने त्याला तासाभरासाठी जगापासून तोडता येतं. ती उतरली की भीती आपल्या जागी परत येते, आणि घराची वाटही.

'आजोबा' नावाच्या बिबट्याची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. उर्मिला मातोंडकरचा २०१४चा चित्रपट त्यावरच होता. २००९मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला तो विहिरीत पडलेला सापडला. त्याला अशीच भूल देऊन गळ्यात पट्टा बांधला आणि आमच्या माळशेज घाटात सोडलं. तो तिथे थांबलाच नाही. जवळपास महिनाभर चालत, घाट, रेल्वे, रस्ते ओलांडत सुमारे सव्वाशे किलोमीटरवर मुंबईच्या संजय गांधी उद्यानापाशी जाऊन पोचला. वाटेत कुणा माणसाला ओरखडासुद्धा काढला नाही. २०११च्या अखेरीस मुंबई-अहमदाबाद महामार्गावर गाडीच्या धडकेने तो मेला. मला या गोष्टीतलं एकच राहून राहून आठवतं. शुद्धीवर आल्यावर त्याला कुठे जायचं ते ठाऊक होतं.

मावशींना मी हे सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "तुमचा आजोबा शाणा असंल. माझी नात आठ वर्षांची हाये." यावर माझ्यापाशी उत्तर नव्हतं, आजही नाही. या भागात उसात काम करणाऱ्या बायका आणि अंगणात खेळणारी मुलं बिबट्याने नेली आहेत. त्या घरांना ग्लुटामेटची गोष्ट सांगायला जाऊ नये.

मात्र काही गोष्टी आपल्या हातात आहेत, त्या सांगायलाच हव्यात. बिबट्या खोलीत कोंडला गेला तर मावशींनी केलं तेच करा. बाहेरून कडी घाला आणि दूर व्हा. वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. खिडकीवर पोतं, गोधडी, जे सापडेल ते टाका. अंधार झाला की तो गप्प होतो. पोरांना पत्र्यावरून खाली उतरवणं हे त्या वेळी आपल्या बायकांचंच काम, कारण ती पोरं पोलिसांचं ऐकत नाहीत पण आईचं ऐकतात. विहिरीत पडला असेल तर काठावर झुंबड करू नका. आणि बेशुद्ध दिसतो म्हणून शेपटी धरून फोटो काढायला तर कुणालाही जाऊ देऊ नका. डोळे उघडे आहेत म्हणून तो जागा नसतो हे जितकं खरं, तितकंच तो पडला आहे म्हणून तो झोपलेला नसतो हेही खरं.

ऊसतोडीत पिल्लं सापडली तर तिथे सुई लागतच नाही. पिल्लं उचलून घरी आणायची नाहीत, दूध पाजायचं नाही. वनखात्याची माणसं त्यांना तपासून, जिथे सापडली तिथेच संध्याकाळी क्रेटमध्ये ठेवतात आणि रात्री आई येऊन एकेकाला तोंडात धरून घेऊन जाते. आमच्या भागात असं कितीतरी वेळा घडलं आहे. पिल्लं नाहीशी झाल्यावर सैरभैर झालेली मादी मात्र शिवारात सगळ्यांच्याच जिवाला घोर लावते.

मावशींच्या कोंबड्यांचं सांगायचं राहिलंच. सहाच्या सहा जिवंत निघाल्या. डालगं पालथंच होतं, बिबटीने त्याला पंजासुद्धा लावला नव्हता. पण त्यानंतर जवळजवळ पंधरा दिवस त्यांनी अंडी दिली नाहीत. मावशींनी डॉक्टरांना फोन करून विचारलं, की भीती घालवायचं काही इंजेक्शन असतं का कोंबड्यांना. डॉक्टर म्हणाले, नाही, त्यांना शांत राहू द्या. मावशींनी त्या खोलीचं दार दुरुस्त करून घेतलं, आतून एक आणि बाहेरून दोन कड्या लावल्या. सोळाव्या दिवशी एक अंडं मिळालं, ते त्यांनी नातीला उकडून दिलं.